बियाण्याचं भाडं

दोडक्याच्या बियाण्याची पुडी ३५ रुपयांची आणि ती घरी आणून द्यायचे ८० रुपये. परसबागेचे बेत सुरू झाले की आमच्या गावात ओसरीवर हा हिशोब हमखास होतो. एकीच्या हातात मोबाइल, बाकीच्या वाकून पाहणार आणि कोणीतरी म्हणणार, "बाई, बियापेक्षा भाडंच जास्त होऊन रायलं!" मग मोबाइल खाली ठेवला जातो आणि मांडवावर पुन्हा तालुक्याच्या दुकानातला तोच संकरित दोडका चढतो. मला याचं फार वाईट वाटतं. ८० रुपयांपायी एक चांगलं वाण गावात यायचं राहून जावं, ही काही लहान गोष्ट नाही. त्या ८० रुपयांच्या मागे लागून मला जे कळलं, ते इथे मांडते आहे.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं. जमीन काळी, वावरात पऱ्हाटी (कपाशी), तूर, सोयाबीन. कृषी केंद्राचा सगळा धंदा याच पिकांवर चालतो, त्यात त्यांचा काही दोष नाही. भाजीपाल्याचं बी एका कोपऱ्यात, तेही बहुतेक संकरित आणि बागायतदाराच्या मापाचं. ज्या बाईला न्हाणीच्या पाण्यावर चार झाडं वांग्याची, आठ-दहा भेदरांची (टोमॅटोची), कुंपणावर वालाचे दोन वेल आणि मधल्या जागेत मूठभर सांबार (कोथिंबीर) लावायचा आहे, तिच्या कामाचं तिथे फार काही नसतं. हातभर लांब शेंगेची बरबटी (चवळी), हिरवं वांगं, गोल लवकी (दुधी), जांभळा वाल असं काही हवं असेल तर मोबाइलच उघडावा लागतो. त्याआधी जवळपास चौकशी करावी हे खरंच. वर्ध्याजवळ सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. घरातलं कोणी त्या बाजूला जाणार असेल तर बियाण्याचं विचारून यायला सांगावं. गावात आलेल्या पाहुण्याच्या पिशवीतून येणारं बी तर फुकटच.

तर ते ८० रुपये कशाचे? कुरियरवाल्याचा दर पाच ग्रॅमला नसतोच. बहुतेकांचा पहिला टप्पा ५०० ग्रॅमचा असतो. त्याच्या खाली तुम्ही पाच ग्रॅम पाठवा की साडेचारशे, भाडं तेच. रिकाम्या एसटीत एकटा माणूस बसला म्हणून गाडीला डिझेल कमी लागत नाही, तसंच हे. शिवाय खोक्याच्या आकाराचंही वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, ५००० ने भागायचं. जो आकडा येईल तितके किलो. खरं वजन आणि हे आकाराचं वजन, यातलं जे जास्त त्यावर भाडं. म्हणजे ३० बाय २० बाय १० सेंटिमीटरच्या खोक्यात कोणी चिमूटभर बी घातलं, तरी हिशोबात ते १ किलो २०० ग्रॅम भरतं. बियाण्याला खोकं लागत नाही, जाड कागदाचं पाकीट पुरतं. मागवताना विक्रेत्याला हे एक वाक्य लिहिलं तरी फरक पडतो, मी लिहितेच.

आणखी दोन खर्च त्यात लपलेले असतात. पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी नाही, पण कुरियरच्या सेवेवर १८ टक्के आहे. तो भार शेवटी आपल्या डिलिव्हरी चार्जमध्येच येऊन बसतो. दुसरा, माल हातात आल्यावर रोख देण्याचा. त्याचे बरेच जण वेगळे पैसे लावतात. अनोळखी दुकानाला आधी पैसे द्यायला जीव धजत नाही हे मला समजतं. पहिली ऑर्डर लहान द्यावी, माल बरोबर आला की पुढच्या वेळी आधीच पैसे भरून मोकळं व्हावं.

टपालाचा हिशोब वेगळा आहे आणि खेड्यासाठी तो फार चांगला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंतचं स्पीड पोस्ट परगावी कितीही लांबून येवो, ४७ रुपये आणि वर जीएसटी. तेच पाकीट ५०० ग्रॅमचं झालं तर २०० किलोमीटरच्या आत ७० रुपये आणि २००० किलोमीटरच्या पलीकडून आलं तर ९३. वजन दहापट झालं, भाडं दुप्पटही झालं नाही. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्येच स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे स्वस्तातली ती जुनी वाट आता वेगळी उरली नाही. संकेतस्थळावर टपालाचा पर्याय बहुधा दिसत नाही, पण व्हॉट्सॲपवर "पोस्टाने पाठवाल का?" असं विचारलं तर छोटे विक्रेते पुष्कळदा हो म्हणतात. घरच्या घरी बी वाढवून विकणारी माणसं ही, त्यांनाही कुरियरच्या ऑफिसपेक्षा पोस्ट जवळ असतं.

पडद्यावर दिसतं तेवढंच भाडं असतं, असंही समजू नये. खेड्यातलं खरं भाडं पार्सल तालुक्याला येऊन पडल्यावर सुरू होतं. फोन येतो, "ताई, तुमच्या गावाला गाडी नाही, येऊन घेऊन जा." मग जायचं-यायचं तिकीट आणि निंदणाच्या दिवसांत अर्धा रोज बुडतो. 'फ्री डिलिव्हरी' असं लिहून आलेलं पार्सल अशा वेळी सगळ्यात महाग पडतं. पोस्टाचं तसं नाही. शाखा डाकघर गावात नाही तर शेजारच्या गावात असतं आणि डाकसेवक पाकीट घरी आणून देतो. त्याच्या सायकलला पांदण चालते, चिखल चालतो. पत्त्यावरचा पिन मात्र चोख लिहावा. विदर्भातले पिन ४४ ने सुरू होतात. हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले आणि ते बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. सारख्या नावाच्या गावांचा घोळ मिटावा म्हणून त्यांनी ही रचना केली. आमच्या जिल्ह्यात एकाच नावाची गावं किती आहेत ते पाहिलं की त्या माणसाचे उपकार वाटतात.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो तिच्याबद्दल. "४९९ रुपयांच्या वर डिलिव्हरी मोफत." १५० रुपयांचं बी घेतलेलं असतं, ८० रुपये वाचवायचे म्हणून आणखी साडेतीनशेचं बी टोपलीत टाकलं जातं. झुकिनी, ब्रोकोली, जांभळी कोबी. बाईला वाटतं, राहील पडून, पुढच्या साली लावू. इथेच गफलत होते, कारण बी जिवंत असतं आणि पडून राहिलं की रोज थोडं थोडं म्हातारं होतं. बीजशास्त्रातला जुना ठोकताळा असा की बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने कमी केला किंवा ठेवायच्या जागेचं तापमान पाच अंशांनी उतरवलं तर बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. उलट बाजूने हेच वाचावं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या छपराखालच्या फळीवर हात ठेववत नाही. त्यानंतर लगेच पावसाळा, भिंतींना ओल. या दोन्हींतून गेलेलं कांद्याचं बी दुसऱ्या वर्षी भरवशाचं राहत नाही. वांगी, टोमॅटो, वेलवर्गीय बी जरा टिकाऊ, पण तेही नीट ठेवलं तर. पुडीवर उगवणशक्ती तपासल्याची तारीख असते आणि तिची मुदत साधारण नऊ महिन्यांची असते. सवलतीतली पुष्कळशी पाकिटं त्या मुदतीच्या शेवटाला आलेली असतात. म्हणून तारीख वाचल्याशिवाय बी घेऊच नये. उगवणशक्तीचा आकडाही वाचावा. टोमॅटो-वांग्याला किमान ७० टक्के, भेंडीला ६५, मिरचीला ६० हवी असा नियम आहे.

मग ८० रुपये वाचवायचे कसे? सगळ्यांनी मिळून.

टोमॅटोचं एक ग्रॅम बी म्हणजे तीनशेच्या आसपास दाणे. वांग्याचे दोनशेच्या वर. एका घराला लागतात दहा रोपं, धरून चाला वीस दाणे. म्हणजे एका ग्रॅमच्या पुडीत अख्खी आळी उरकते. भेंडीचं बी मोठं, ग्रॅमला पंधरा-वीस; ती थोडी जास्त मागवावी लागते. आमच्या बचत गटात हे गणित एकदा बायांना पटलं आणि तेव्हापासून बियाण्याची यादी गटाच्या बैठकीतच होते. हप्ता भरून झाला की वहीचं मागचं पान उघडायचं. कोणाला काय हवं ते लिहायचं, एकसारखं असेल ते एकत्र करायचं, एकाच विक्रेत्याकडून मिळेल तेवढं तिथूनच घ्यायचं. दोन रुपयांनी स्वस्त म्हणून दुसरीकडून मागवलं की भाडं दुसऱ्यांदा लागतं. सगळं बी मिळून पाव किलोही होत नाही, आणि भाडं डोईमागे चहाच्या पैशांवर येतं.

वाटणीचा दिवस मला फार आवडतो. तो पावसाळ्याच्या आधीचा आणि कोरडाच हवा, कारण पाकीट फोडलं की बी हवेतला ओलावा ओढायला लागतं. पंखा बंद ठेवतो. टोमॅटोचं बी फुंकरीनेही उडतं. स्टीलच्या ताटात पांढरा कागद, त्यावर बी ओतायचं आणि पोस्टकार्डाच्या कडेने सारत पाच-पाचाच्या ढिगाऱ्या करायच्या. टोमॅटोच्या दाण्यावर बारीक लव असते, ती बोटाला चिकटते. वांग्याचं बी गुळगुळीत, पिवळसर, चपटं, ते कार्डाच्या कडेखालून सटकतं. गुलाबी किंवा निळा रंग लावलेलं बी निघालं तर लेकरांना उठवून देतो आणि चमच्याने वाटतो, तो रंग औषधाचा असतो. मग जुन्या वहीच्या कागदाच्या पुड्या, तोंडाला दोन घड्या, वर नाव आणि साल. शेजारच्या मामींना लिहिता येत नाही, त्या पुडीवर चित्र काढून घेतात. गेल्या खेपेला त्यांनी विचारलं, "इतकुसं बी, अन् याच्यात पाच घरं कशी पुरतीन वं?" मी म्हटलं, "मामी, वाफ्यात टाकून पाहा, पुरून उरते." त्यांनी रोपं उरली म्हणून पुन्हा आम्हालाच आणून दिली.

मागवायची वेळही महत्त्वाची. रोहिणी लागल्यावर सगळ्यांना एकदम बियाण्याची आठवण येते. तेव्हा विक्रेत्यांकडे गर्दी असते आणि मेच्या उन्हात बंद गाडीत, पत्र्याच्या गोदामात पार्सल भाजत राहतं. मी फेब्रुवारीतच मागवायला सांगते. घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून फ्रिजमध्ये, फ्रिज नसेल तर मडक्यात राख, राखेत बाटली आणि मडकं घरातल्या सगळ्यात थंड खोलीत जमिनीवर. मिरगाच्या पावसापर्यंत बी तिथे बाहेरच्या गाडीपेक्षा नक्कीच सुखात राहतं.

पण हे सगळं एका वर्षापुरतं. माझं खरं म्हणणं पुढे आहे. भाडं एकदाच द्यायचं असेल तर असं बी मागवावं ज्याचं बी पुन्हा धरता येतं. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असेल तर त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी आईबापासारखं निघत नाही, दरवर्षी नवं पाकीट आणि दरवर्षी नवं भाडं. 'सुधारित', 'सरळ वाण', 'ओपी' असं असेल तर ते घरात कायमचं आलं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का अनामिका' भेंडी, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा 'पुसा रूबी' टोमॅटो ही अशी सरळ वाणं आहेत. नुसत्या 'देशी' या शब्दावर मात्र विसंबू नये. तो शब्द कोणीही छापतो. विक्रेत्याला थेट विचारावं, "याचं बी धरलं तर पुन्हा असंच येईल का?" प्रामाणिक माणूस सरळ उत्तर देतो.

बी धरणं बरबटीपासून सुरू करावं. तिचं फूल आतल्या आत फळतं, शेजारच्या वाणाची मिसळ क्वचितच होते. वेलावरच्या पहिल्या चांगल्या शेंगा खाण्याचा मोह आवरायचा, त्यांना दोरा बांधून ठेवायचा आणि शेंग वाजेपर्यंत वाळू द्यायची. भुंगा लागू नये म्हणून कडक ऊन आणि मग राख. टोमॅटोही सोपा. गर आणि बी वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्यायचं, वर फेस येतो, दाण्याभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं, मग धुऊन सावलीत वाळवायचं. मिरची आणि भेंडी मधमाश्यांच्या वाटेवरची, त्यांची दोन वाणं जवळ लावू नयेत.

दोडक्याला मेहनत आहे, पण ती करावीशी वाटते. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. म्हणून दुपारीच वेलावर जाऊन उद्याची नव्हे, आजची कळी ओळखायची. ती पिवळी पडलेली असते, टोकाला किंचित सैल. मादी कळीच्या मागे बोटभर दोडका आधीपासूनच असतो, शिरांसकट. नर कळ्या घोसाने येतात. दोन्हींना सुती दोऱ्याने अलगद बांधून ठेवायचं, म्हणजे कीटक आत शिरत नाही. दिवेलागणीला दोरे सोडायचे, नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पराग मादी फुलाच्या मधोमध टेकवायचे आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. देठाला लाल चिंधी. तो दोडका कोणी तोडायचा नाही. वेल सुकला, दोडका तपकिरी झाला, हलवल्यावर आतून खुळखुळ वाजला की त्याचं टोक मोडायचं. काळंभोर बी हातात पडतं. एका दोडक्यात गटातल्या सगळ्यांना पुरेल इतकं बी निघतं. शेजारी गिलके (घोसाळी) असतील तर बांधणं टाळू नका, दोडक्याची आणि गिलक्याची मिसळ होऊ शकते.

आमच्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला आणि तिकडे भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ती नावं टिकली, कारण कास्तकारांच्या घराघरांत दर सालचं बेणं आणि बी राखून ठेवलेलं होतं. त्याचा हक्कही कायद्याने दिलेला आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखता येतं, पुन्हा पेरता येतं, वाटता येतं, बदलता येतं आणि विकताही येतं. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही.

एकदा बी घरचं झालं की भाड्याचा प्रश्न पार बदलून जातो. २० ग्रॅमपर्यंतच्या साध्या पाकिटाला ५ रुपयांचं तिकीट लागतं. पाकीट-कागद धरूनही त्यात दहा ग्रॅम बरबटी जाते, म्हणजे साठ-सत्तर दाणे. माझी बहीण आर्णीकडे असते, तिला मी असंच पाठवते आणि तिच्याकडून अंबाडीचं बी तसंच येतं. पाठवायची रीत मात्र सांभाळावी लागते. दाणे एका जागी गोळा झाले तर शिक्क्याच्या दणक्याने फुटतात. म्हणून लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्यायचा, त्यावर बी एका थरात पसरायचं, दुसरा कागद वरून ठेवून चारी बाजूंनी चिकटवायचं आणि मग ते पाकिटात. साध्या टपालाचा माग काढता येत नाही, तेव्हा एकुलतं एक बी कधीही असं पाठवू नये. निम्मं घरी ठेवूनच निम्मं पाठवावं. नागपुरात बीजोत्सव भरतो, तिथे कोणी जाणार असेल तर तर भाडंच नाही. आपल्या पुड्या न्यायच्या, दुसऱ्यांच्या आणायच्या.

बी विकणाऱ्यांना माझं कळकळीचं मागणं आहे. तुमच्यातल्या पुष्कळ जणांचं काम मोठं आहे, हरवत चाललेली वाणं तुम्ही राखून ठेवली आहेत. पण पैसे भरायच्या पानावर टपालाचा एक पर्याय ठेवा. खोक्याऐवजी पाकीट वापरा. मोफत डिलिव्हरीची अट पाचशे रुपयांवर नेऊन ठेवण्यापेक्षा भाडं जेवढं खरं लागतं तेवढंच घ्या, आम्ही देतो. वाण सरळ की संकरित ते नावाच्या शेजारीच लिहा. आणि एक ग्रॅमची, वीस दाण्यांची लहान पुडी विका, कारण पाच-सहा झाडांची परसबाग असणाऱ्या बाया खेड्यापाड्यांत घरोघरी आहेत आणि त्यांना तेवढंच बी हवं असतं.